मनोशारीरिक पुनर्वसनात रुग्ण खरोखर सुधारला का, हे मोजायचं कसं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान केंद्रातल्या समुपदेशकाचा प्रश्न थोडक्यात असा: "आमच्याकडे अंगदुखी, डोकं बधिर होणं, छातीत धडधड, चक्कर, पोटात गोळा अशा तक्रारी घेऊन वर्षानुवर्षं दवाखाने फिरलेले लोक येतात. तपासण्यांत मोठं काही निघालेलं नसतं. समुपदेशन, व्यायाम, श्वसन, झोपेची शिस्त आणि गरज पडली तर औषधं, असा सहा आठवड्यांचा कार्यक्रम आम्ही देतो. आल्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली भरून घेतो. जास्त गुण म्हणजे जास्त त्रास, आणि जवळपास सगळ्यांचे गुण उतरतात. आता निधी देणारे विचारतात, किती टक्के रुग्ण बरे झाले आणि किती आत्महत्या टळल्या? काय लिहून देऊ?"

भाऊ, दुसऱ्या मागणीचं उत्तर छोटं आहे, म्हणून ते आधी देते. किती आत्महत्या टळल्या हे तुमच्या आकाराच्या केंद्राला मोजता येणार नाही, आणि तसा आकडा तुम्ही देऊही नका. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातला आत्महत्येचा दर लाख लोकसंख्येमागे १२.४ आहे. तुमच्या रुग्णांचा धोका याच्या दहापट धरला, तरी शंभर रुग्णांमागे वर्षाला एकही घटना अपेक्षित धरता येत नाही. वर्षभरात एकही झाली नाही म्हणून कार्यक्रम चांगला ठरत नाही, आणि दुर्दैवानं एक झाली म्हणून वाईटही ठरत नाही. विदर्भ म्हटलं की देणगीदारांना आधी शेतकरी आत्महत्याच आठवतात, हे मी समजू शकते. पण रोज सकाळी उठायचीच भीती वाटणाऱ्या बाईचं जगणं सुधारलं की नाही, हा स्वतःच्या बळावर उभा राहणारा प्रश्न आहे. त्याला आत्महत्येच्या आकड्याची कुबडी लागत नाही.

आता पहिली मागणी. सुट्टीच्या दिवशीच्या गुणांवरून "बरे झाले" म्हणता येत नाही. पुनर्वसनाचा निकाल केंद्रात लागतच नाही, तो घरी लागतो. रुग्ण घरी गेल्यावर, त्याच घरात, त्याच शेतावर, त्याच सासू-सासऱ्यांसोबत काही महिने राहिल्यावर काय करू शकतो, तेच मोजायचं असतं. माझं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती आहे.

सुट्टीच्या दिवशी गुण कमी दिसण्याची कारणं उपचाराखेरीजही बरीच असतात. माणूस दवाखान्यात येतो तोच मुळी त्रास टोकाला गेल्यावर. अशा तक्रारी चढ-उतार करत राहतात, त्यामुळे टोकाला असताना मोजलं तर पुढचं मोजमाप बहुधा खालीच येतं. वर्धा नदीला पूर आलेल्या दिवशी पातळी मोजली आणि पंधरा दिवसांनी पुन्हा मोजली, तर मधल्या काळात कुणी काहीही केलं नसलं तरी पाणी उतरलेलंच दिसेल. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. यावर स्वस्त उपाय आहे: उपचार सुरू होण्याआधी दोनदा मोजा. नोंदणीच्या दिवशी एकदा, आणि कार्यक्रम सुरू व्हायच्या दिवशी पुन्हा. मध्ये दोन-तीन आठवड्यांची प्रतीक्षा बहुतेक केंद्रांत असतेच. त्या काळात गुण आपोआप किती उतरले ते कळतं, आणि तुलना दुसऱ्या मोजमापाशी करायची. हे नियंत्रण गटाची, म्हणजे उपचार न दिलेल्या तुलनेच्या गटाची, जागा घेत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ बरं.

दुसरं कारण आपल्या माणसांच्या स्वभावात आहे. सहा आठवडे तुम्ही ज्याच्याशी मायेनं बोललात, तो निघताना तुमच्या तोंडावर "काहीच फरक नाही" म्हणणार नाही. "बरं वाटते जी, तुमच्या हाताले गुण आहे," असंच म्हणणार. हे खोटं बोलणं नव्हे, ही रीत आहे. म्हणून प्रश्नावली उपचार करणाऱ्यानं भरून घेऊ नये. केंद्रातलंच दुसरं कुणी, ज्याचा त्या रुग्णाच्या उपचाराशी संबंध नाही, त्यानं विचारावं. आणि सुरुवातीला ज्या पद्धतीनं विचारलं त्याच पद्धतीनं शेवटीही विचारावं: आधी समोरासमोर आणि नंतर फोनवर, किंवा आधी सासूसमोर आणि नंतर एकांतात, असं झालं की आकड्यांची तुलना संपली. एकांताचा आग्रह धरा. सोबत आलेल्या माणसाला चहाला पाठवा, रक्तदाब मोजायच्या निमित्तानं रुग्णाला आत घ्या, काहीही करा. नवरा शेजारी बसलेला असताना बाईनं दिलेली उत्तरं घरच्यांना ऐकवण्यासाठी असतात, ती नोंदवून उपयोग नाही.

तोंडी विचारण्याबद्दल थोडं अधिक. पीएचक्यू-९ गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते आणि उत्तराचे चार पर्याय देते: अजिबात नाही, काही दिवस, अर्ध्याहून जास्त दिवस, जवळपास रोज. कागदावर हे सोपं वाटतं. पण ज्यांचा आठवडा बाजारावर मोजला जातो त्यांना "मागच्या दोन बाजारांपासून" असं म्हटलं की काळ लगेच उमजतो. "अर्ध्याहून जास्त" अडतं. तिथे चौदा चिंचोके पुढे ठेवा आणि म्हणा, "या चौदा दिवसांतले झोप न लागलेले दिवस बाजूला काढा." माणूस विचार करून एकेक चिंचोका सरकवतो, आणि मग उत्तर कुठल्या पर्यायात बसतं ते तुम्ही पाहता. प्रश्नांचे शब्द मात्र मनानं बदलू नका. प्रमाणित मराठी आवृत्ती तशीच वाचा. समजलं नाही तर जे स्पष्टीकरण द्यायचं ते आधीच लिहून ठेवा आणि सगळ्यांना तेच द्या. एकानं "करमत नाही का?" विचारलं आणि दुसऱ्यानं "टेन्शन येते का?" विचारलं, तर तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी मोजता आहात.

आता मुळातली अडचण. पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली आहे. तुमचे रुग्ण नैराश्य घेऊन येत नाहीत, ते शरीर घेऊन येतात. सुरुवातीला तिच्यातल्या झोप, थकवा, भूक या प्रश्नांना भरभरून गुण मिळतात, आणि उदासी, निराशा, स्वतःबद्दलचा कमीपणा या प्रश्नांना शून्य. "मनाचं काही नाही बाई, आंगच साथ देत नाही." मग उपचार नीट चालला की एक विलक्षण गोष्ट घडते. चौथ्या-पाचव्या आठवड्यात ती बाई पहिल्यांदा म्हणते, की पोरगी गेल्यापासून आतून रिकामं वाटतं. थकवा कमी झालेला असतो, झोप थोडी सुधारलेली असते, पण उदासीच्या प्रश्नांचे गुण शून्यावरून दोनवर गेलेले असतात. एकूण बेरीज तेवढीच राहते, कधी वाढतेसुद्धा. बेरजेकडेच पाहणारा म्हणेल, फरक नाही. खरं तर उपचारातली सगळ्यात मोलाची घडामोड त्या दोन गुणांत आहे. म्हणून बेरजेसोबत प्रत्येक प्रश्नाचे गुण वेगळे नोंदवा, शरीराचे आणि मनाचे असे दोन गट करून ठेवा. आपल्या क्षेत्रात हा फरक माहीत नसलेल्या माणसानं केलेलं विश्लेषण उपचारकांवर अन्याय करतं, आणि रुग्णांवर त्याहून जास्त.

शारीरिक तक्रारींसाठी वेगळं मोजमाप हवंच. पीएचक्यू-१५ मध्ये पंधरा तक्रारी आहेत, प्रत्येकीला ० ते २ गुण, एकूण ० ते ३०. ५, १० आणि १५ या तिच्या सौम्य, मध्यम आणि तीव्र अशा पायऱ्या. पण तिच्यात मासिक पाळीचा एक प्रश्न फक्त बायकांसाठी आहे आणि एक शरीरसंबंधातल्या त्रासाचा. खेड्यात हा दुसरा प्रश्न विचारणारा लाजतो आणि उत्तर देणारा गप्प बसतो. मग कागदावर शून्य लिहिलं जातं, आणि ते शून्य खोटं असतं. त्यामुळे मी एसएसएस-८ कडे झुकते. ती पीएचक्यू-१५ मधूनच काढलेली, २०१४ साली प्रसिद्ध झालेली आठ प्रश्नांची प्रश्नावली: पोट, पाठ, हातपाय-सांधे, डोकं, छाती किंवा दम, चक्कर, थकवा, झोप. गेल्या सात दिवसांबद्दल, प्रत्येकी ० ते ४, एकूण ३२. एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंतचा काळ, अडखळायला लावणारा प्रश्न नाही.

तक्रारी मोजल्या तरी काम संपत नाही. २०१३ च्या डीएसएम-५ नं, म्हणजे अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेनं, शारीरिक तक्रारींच्या या आजाराची व्याख्याच बदलली. तपासणीत काही सापडलं नाही, हा निकष मागे पडला. त्या तक्रारीबद्दल माणूस किती विचार करतो, किती घाबरतो, तिच्यापायी किती वेळ आणि ताकद खर्ची घालतो, हे मुख्य झालं. जागतिक आरोग्य संघटनेची जानेवारी २०२२ पासून लागू झालेली आजारांची वर्गवारी, आयसीडी-११, सुद्धा त्याच दिशेनं गेली आहे. याचा निकालावर थेट परिणाम होतो. पाठ दुखायची पूर्ण थांबली नाही, पण दुखत असतानाही माणूस डवऱ्यामागे चालू लागला आणि दर आठवड्याला सलाईन लावून घेणं बंद झालं, तर तो सुधारला आहे. दुखण्याचे गुण तेवढेच राहिले तरी सुधारला आहे.

इथून मी कामकाजावर येते, कारण पुनर्वसन म्हणजे शेवटी तेच. जर्मनीत मनोशारीरिक पुनर्वसनाची मोठी व्यवस्था आहे. रुग्ण साधारण पाच आठवडे खास रुग्णालयात राहतो आणि खर्च बहुतेक वेळा निवृत्तिवेतन विमा संस्था उचलते. तिचं धोरण उघड आहे: माणसाला अकाली निवृत्तिवेतन देण्याआधी पुनर्वसन द्यायचं. त्यामुळे तिथे निकालाचा एक भक्कम पुरावा आपोआप मिळतो. माणूस नोकरीवर परतला का, त्याच्या नावे विम्याचा हप्ता पुन्हा जमा होऊ लागला का, हे सरकारी नोंदीतूनच दिसतं. आपल्याकडे तशी नोंद कुठे आहे? तुमचा रुग्ण स्वतःच्या चार एकरांवर राबतो किंवा दुसऱ्याच्या शेतात रोजीनं जातो. बाई घरचं सगळं आवरून वेचणीला जाते. आजारी रजा नाही, कामावर परतल्याचा दाखला नाही. तो पुरावा आपल्याला विचारूनच गोळा करावा लागतो.

त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची डब्ल्यूएचओडास २.० ही बारा प्रश्नांची आवृत्ती घ्या. गेल्या तीस दिवसांत अर्धा तास उभं राहणं, किलोमीटरभर चालणं, आंघोळ, कपडे घालणं, घरची जबाबदारी, रोजचं काम, गावातल्या कार्यक्रमात भाग घेणं, अनोळखी माणसांशी बोलणं, दहा मिनिटं लक्ष लावणं, अशा गोष्टींत किती अडचण आली, हे ती विचारते. प्रत्येकी ० ते ४, साधी बेरीज ४८ पर्यंत. पण मला तिच्या शेवटचे तीन प्रश्न सगळ्यात उपयोगी वाटतात आणि बहुतेक केंद्रं नेमके तेच गाळतात: तीसपैकी किती दिवस या अडचणी होत्या, किती दिवस काम अजिबात झालं नाही, आणि आणखी किती दिवस कमी करावं लागलं. दिवस सगळ्यांना कळतात. रुग्णाला, तुम्हाला आणि देणगीदारालाही. "महिन्यात बारा दिवस खाटेवर होतो, आता दोन दिवस" हे वाक्य कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

विदर्भात या प्रश्नाला एक फाटा फोडावाच लागतो. एप्रिल-मे महिन्यात विचारलं, "किती दिवस काम झालं नाही?" तर उत्तर येतं, "कामच कुठं होतं?" कोरडवाहू पट्ट्यात उन्हाळ्यात रोजी नसते. म्हणून "जमलं नाही म्हणून" आणि "काम नव्हतं म्हणून" हे दोन रकाने वेगळे ठेवा. आणि हंगामाचं भान ठेवा. जून-जुलैत पेरणीची घाई, मग निंदण-डवरणी, ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी, त्यानंतर जानेवारीपर्यंत कापसाची वेचणी. वेचणीच्या दिवसांत निरोगी बाईचंही कंबरडं मोडतं, एसएसएस-८ चे गुण वाढणारच. उलट पिकाचे पैसे हातात आले की घराचा सगळाच ताण सैल होतो. ऑगस्टमध्ये, पाऊस खेचलेला किंवा शेत पाण्याखाली असताना भरती झालेला माणूस डिसेंबरात बरा दिसला, तर श्रेय तुमचं किती आणि सोयाबीनचं किती? यातून एकच वाट आहे. बारा महिन्यांनी, त्याच हंगामात, पुन्हा मोजा. तीन आणि सहा महिन्यांची मोजमापं उपचार सावरण्यासाठी घ्या, पण निकाल म्हणून सांगायचा तो एका वर्षाचा.

प्रश्नावल्यांच्या पलीकडे मला ज्याचा सर्वांत आग्रह धरायचा आहे, ती गोष्ट म्हणजे रुग्णाचं स्वतःचं ध्येय. किरेसुक आणि शेर्मन यांनी १९६८ साली मांडलेली ध्येयप्राप्तीची मोजपट्टी यासाठी उत्तम आहे. पहिल्याच आठवड्यात रुग्णासोबत बसून दोन-तीन ध्येयं ठरवायची, आणि प्रत्येकासाठी -२ ते +२ अशा पाच पायऱ्या आधीच लिहून ठेवायच्या. ० म्हणजे अपेक्षेइतकं साधलं. "बरं व्हायचं आहे" हे ध्येय नव्हे. पुढचं विचारा: "बरं झालं तर सगळ्यात आधी काय कराल?" मग खरी उत्तरं येतात. एखादीला एकटीनं एसटीनं तालुक्याला जाऊन यायचं असतं, कारण चक्कर येईल या भीतीनं ती तीन वर्षं सोबतीशिवाय बाहेर पडलेली नसते. एखाद्या शेतकऱ्याला रात्रीच्या लाईनवर हरभऱ्याला पाणी द्यायला पुन्हा जायचं असतं. अंधारात छाती धडधडते म्हणून ते काम पोराच्या शाळेवर आलेलं असतं. कुणाला पोळ्याला स्वतःची बैलजोडी घेऊन तोरणाखाली उभं राहायचं असतं, कुणाला भाचीच्या लग्नात पंगतीला शेवटपर्यंत बसायचं असतं.

रात्रीच्या पाण्याचं ध्येय पायऱ्यांत असं मांडता येईल: -२ म्हणजे आजच्यासारखं, अजिबात जात नाही, -१ म्हणजे मुलाला सोबत घेऊन एकदा जाऊन आला, ० म्हणजे आठवड्यातून एकदा एकटा गेला, भीती वाटली तरी काम पुरं केलं, +१ म्हणजे आपल्या पाळीच्या बहुतेक रात्री एकटा गेला, +२ म्हणजे पूर्ण हंगाम मुलाला उठवावं लागलं नाही. पायऱ्या उपचाराआधी ठरल्या पाहिजेत आणि नंतर हलवायच्या नाहीत. नाहीतर जिथे पोहोचलो तेच ध्येय होतं असं म्हणायचा मोह होतो. कितवी पायरी गाठली हे ठरवणाराही उपचार करणारा नसावा. शक्य असेल तिथे, रुग्णाच्या संमतीनं, घरच्या एका माणसालाही वेगळं विचारा.

आणखी एक मोजमाप तुमच्या रुग्णांच्या हातातच असतं: ती फुगलेली प्लास्टिकची पिशवी, ज्यात एक्स-रे, सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट आणि निरनिराळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या भरलेल्या असतात. भरतीच्या वेळी ती पिशवी टेबलावर रिकामी करा आणि गेल्या तीन महिन्यांचा हिशेब मांडा: किती डॉक्टर, किती सलाईन-सुया, किती तपासण्या, प्रवास धरून किती रुपये, त्यातले उसने किती. सहा महिन्यांनी आणि वर्षानं पुन्हा तोच हिशेब. या आजारात दवाखाने फिरणं हा त्रासाचाच भाग असतो, म्हणून ते कमी होणं हा खरा निकाल आहे. फक्त विचारायला विसरू नका, की खर्च गरज उरली नाही म्हणून थांबला की पैसे संपले म्हणून.

इथेच एक बाजूची पण गंभीर गोष्ट. मोजायला बसण्याआधी तुम्ही योग्य माणूस मोजता आहात ना, याची खात्री करा. पूर्व विदर्भात सिकलसेल आहे, आणि त्याच्या अंगदुखीला "मनाचं आहे" म्हणणं हा गुन्हा आहे. काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथे सांधे आणि पाठ खरंच आखडतात. रक्तक्षय, बी-१२ ची कमतरता, थायरॉइड यांची तपासणी व्हायलाच हवी. फवारणीच्या दिवसांत डोकेदुखी, मळमळ, चक्कर घेऊन आलेल्या माणसाला आधी विचारा, फवारा कधी मारला होता. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेत माणसं दगावली, ते आपण विसरू नये. आणि कार्यक्रमादरम्यान लोहाच्या गोळ्या किंवा बी-१२ ची इंजेक्शनं सुरू झाली असतील तर ती नोंद निकालाच्या कागदावर असू द्या. थकवा त्यानंही जातो.

आकडे मांडायचे कसे, हे आता लवकर सांगते. सरासरी एकटी देऊ नका. समजा पीएचक्यू-९ ची सरासरी १६ वरून ९ वर आली. त्यात काही लोक पूर्ण सावरलेले, काही जागच्या जागी आणि दोघं-तिघं बिघडलेले असू शकतात, आणि सरासरी त्यांना झाकून टाकते. जेकबसन आणि ट्रुअॅक्स यांनी १९९१ साली एक शिस्त घालून दिली, ती पाळा. मोजमापाच्या स्वाभाविक चुकीहून मोठा बदल असेल तरच तो बदल धरायचा, आणि त्यासोबत माणूस आजाराच्या रेषेखाली आला का तेही पाहायचं. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतल्या मानसोपचार कार्यक्रमात पीएचक्यू-९ वर किमान ६ गुणांचा आणि चिंतेच्या जीएडी-७ वर किमान ४ गुणांचा फरक विश्वसनीय धरतात. रेषा अनुक्रमे १० आणि ८. याच आधारावर प्रत्येक रुग्ण चारांपैकी एका गटात टाका: सावरला, सुधारला पण रेषेच्या वरच, फरक नाही, बिघडला. चौथा गट लपवू नका. ज्या अहवालात एकही रुग्ण बिघडलेला नाही, त्यावर मी विश्वास ठेवत नाही. तीस-चाळीस रुग्णांत टक्केवारी लिहून मोठेपणा येत नाही, सरळ "इतक्यांपैकी इतके" लिहा.

आणि पाचवा गट: ज्यांचा पत्ता लागला नाही. या गटावर तुमचा सगळा निकाल अवलंबून आहे. वर्षानं जे भेटतात ते बहुधा बरे असलेले किंवा तुमच्या जवळचे. न भेटलेले कुठे असतात? कुणी पुण्याला कंपनीत लागलेला असतो, चंद्रपूर-गडचिरोलीकडचे मिरची तोडायला तेलंगणात गेलेले असतात, कुणाचा त्रास वाढून तो दुसऱ्या दवाखान्याच्या किंवा बाबाच्या दारी असतो, आणि अनेकदा नोंदवलेला मोबाइल नंबर मुळात नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. म्हणून भरतीच्या दिवशीच दोन नंबर घ्या, कुणाला काय सांगून फोन करायचा ते रुग्णालाच विचारा आणि लिहून ठेवा. आशाताईंची मदत मोलाची असते, पण हातात मानसिक आजाराचा फॉर्म घेऊन त्या अंगणात आल्या की शेजारपाजाऱ्यांना कळतं. बीपी-शुगरच्या तपासणीसोबत भेट जोडा. छेद मात्र नेहमी भरती झालेल्या सगळ्यांचाच ठेवा. चाळीस भरती, पंचवीस भेटले, अठरा सुधारले, तर "पंचवीसपैकी अठरा" हे एकटं वाक्य दिशाभूल करतं. "चाळीस भरती, पंचवीस भेटले, त्यांतले अठरा सुधारले, पंधरांचं माहीत नाही," असं लिहा.

देणगीदारांना वस्तीच्या पातळीवरचं उत्तर हवं असेल तर तो प्रश्नच वेगळा आहे, हे त्यांना सांगा. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत झालेल्या विश्राम या उपक्रमानं तो नीट विचारला होता. सध्या नैराश्य असलेल्या लोकांपैकी किती जण उपचारापर्यंत पोहोचले, हे गावांतल्या सर्वेक्षणातून मोजलं. सुरुवातीला ४.३ टक्के, अठरा महिन्यांनी २७.२ टक्के, असा निकाल २०१७ साली लॅन्सेट सायकिअॅट्रीत प्रसिद्ध झाला. त्यासाठी गावागावांत घरोघरी विचारावं लागतं. केंद्रात आलेल्या रुग्णांच्या कागदांतून तो आकडा निघत नाही, आणि तुमच्याकडून तो मागणंही रास्त नाही.

पीएचक्यू-९ च्या नवव्या प्रश्नाबद्दल लिहिल्याशिवाय थांबता येणार नाही. मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का, हा तो प्रश्न. त्याला शून्याखेरीज कुठलंही उत्तर आलं की मोजमाप तिथेच थांबलं पाहिजे. त्याच दिवशी, त्याच खोलीत, जबाबदार माणसानं रुग्णाशी सविस्तर बोलायचं: विचार किती वेळा येतात, काही ठरवलं आहे का, घरात औषध कुठे ठेवलं आहे. आपल्याकडे फवारणीचं औषध घरातल्या कोनाड्यात असतं. ते कुलपात किंवा घराबाहेर जाईल याची व्यवस्था घरच्यांशी बोलून त्याच दिवशी लावा, मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या. फॉर्म गठ्ठ्यात टाकून महिन्याच्या शेवटी संगणकात भरणारं केंद्र हा प्रश्न विचारायला पात्र नाही. फोनवर पाठपुरावा करतानाही हेच, म्हणून फोन करणाऱ्याला आधी प्रशिक्षण द्या आणि फोन सुरू असताना वरिष्ठ माणूस हाताशी ठेवा.

तर तुमच्या केंद्रासाठी मी सुचवते ते इतकंच: एसएसएस-८, पीएचक्यू-९, दिवसांच्या तीन प्रश्नांसह डब्ल्यूएचओडासची छोटी आवृत्ती, दोन-तीन स्वतःची ध्येयं, आणि पिशवीचा हिशेब. सरावानं पाऊण तासात होतं, आणि याहून जास्त विचारलं तर थकलेला माणूस शेवटचे प्रश्न नुसते हो-हो करून संपवतो. नोंदणी, कार्यक्रमाची सुरुवात, सुट्टी, तीन महिने, सहा महिने, बारा महिने. सुट्टीच्या दिवशीचे गुण घ्या, पण ते उपचार करणाऱ्यांच्या उपयोगासाठी.

निधी देणाऱ्यांना या वर्षी असं लिहा: किती भरती झाले, किती जणांनी कार्यक्रम पूर्ण केला, किती जणांनी मध्येच सोडला आणि का, नवव्या प्रश्नावरून किती जणांसाठी त्याच दिवशी पावलं उचलली, सुट्टीला चार गटांत किती होते, आणि वर्षभराचा निकाल कोणत्या महिन्यात हाती येईल. पाठपुराव्यासाठी एका माणसाचा अर्धवेळ पगार आणि प्रवासखर्च त्याच पत्रात मागा. निकाल हवा असेल तर तो मोजायचा खर्चही त्यांनी द्यायला हवा, आणि बहुतेक देणगीदारांना हे शांतपणे समजावलं की पटतं. येत्या पेरणीपासून सुरुवात केलीत तर पहिल्या तुकडीची खरी तुलना तुम्हाला पुढच्या वर्षीच्या पेरणीला करता येईल.